तुम्ही काढून घेतलेला पहिलीचा वर्ग

निमकर सर,

परवा इथं डब्लिनजवळ, ब्लँचर्डस्टाउनच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली आणि मी बोलले नाही. माझं नाव पुकारलं होतं. 'सरांच्या सर्वांत जुन्या विद्यार्थिनी आणि शाळेतल्या सहकारी मेधाताई आता दोन शब्द बोलतील.' मी जागेवरूनच मान हलवून नको म्हटलं. लोकांना वाटलं, हिचा कंठ दाटून आलाय. शेजारच्या बाईंनी तर माझ्या पाठीवरून हात फिरवला. कंठबिंठ काही दाटला नव्हता, सर. मला राग आला होता. तुम्हाला जाऊन जेमतेम दोन आठवडे झालेत आणि मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे, हे माईक हातात घेऊन कसं सांगायचं?

एकजण तुम्हाला शिस्तप्रिय म्हणाला, दुसरा तत्त्वनिष्ठ. माणूस गेला की खडूसपणाला अशी बरी बरी नावं मिळतात. तुमच्या कंपनीतला एक मुलगा म्हणाला, सर कधी कुणाच्या अध्यातमध्यात नसत. मी मनात म्हटलं, माझ्या अध्यातमध्यात चांगली चार वर्षं होते. पुन्हा मान खाली घातली. पुन्हा पाठीवर हात आला.

अर्ध्या सभेला तर तुम्ही दर शनिवारी काय करायचात हेच ठाऊक नव्हतं. 'जॅपनीजचे क्लास घ्यायचे ना?' चहाच्या वेळी एकानं विचारलं. नाही हो, म्हटलं. इथल्या कारखान्यांत दोन-चार वर्षांसाठी कामाला आलेल्या जपानी लोकांची मुलं आठवडाभर आयरिश शाळेत जातात. परत गेल्यावर मागं पडू नयेत म्हणून शनिवारी नासजवळच्या एका शाळेत भाड्याच्या वर्गांत त्यांची जपानी शाळा भरते. तिथं सर शिकवायचे आणि मीही शिकवते. 'म्हणजे इंडियन लोक, जपानी मुलांना, आयर्लंडमध्ये?' असं म्हणून तो फिदीफिदी हसायला लागला. तुम्ही असतात तर त्याच्याकडे नुसतं बघितलं असतंत आणि त्याचं हसू जागीच आटलं असतं. मला तसं बघणं अजून जमत नाही.

त्या बघण्याची मला फार जुनी ओळख आहे. पुण्यात टिळक रस्त्यावर दुसऱ्या मजल्यावर तुमचा संध्याकाळचा वर्ग असायचा. तुम्ही नुकतेच जपानहून परतला होतात आणि मी कॉलेजातून धावतपळत यायची. उशीर झाला की तुम्ही काही बोलायचा नाहीत. फळ्याकडे वळलेले असायचात, तसेच थांबायचात, आणि मी बाकावर टेकेपर्यंत खडू हवेत धरून ठेवायचात. सगळा वर्ग त्या खडूकडे बघत असायचा. माझी अशी लाज दुसऱ्या कुणी काढली नाही, माझ्या वडिलांनीसुद्धा.

आणि तरी एक गोष्ट मी तुमच्याकडूनच घेतली, तिचं काय करू? तुम्ही म्हणाला होतात, 'मुलाचं नाव घ्यायच्या आधी त्याच्याकडे बघ. त्यानं वर बघितलं की मग नाव घे. नुसतं नाव भिरकवायचं नाही.' तेव्हा मी शिक्षिका होणार हे मलाही माहीत नव्हतं. नंतर पुण्यात दहा वर्षं शिकवलं तेव्हा रोज हजेरीला हेच करत आले. आजही करते. दर शनिवारी सकाळी मुलांनी एकेक मान वर केली की तुमची आठवण येते, आणि तुमची आठवण आली की माझं डोकं फिरतं.

नवऱ्यामागे मी लुकनला आले तेव्हा माझ्या पासपोर्टवर नोकरी करायची मुभा नव्हती. पुण्यात मेधा टीचर होते, इथं मी कुणाची तरी बायको झाले. सकाळी मुलीला शाळेत सोडायचं, दुकानात जायचं, भारतात फोन करायचं कार्ड आणायचं, आणि ते कार्ड आईशी बोलता बोलता संपवायचं. दिवाळीच्या कार्यक्रमात अचानक तुम्ही समोर उभे राहिलात. केस पिकले होते, बाकी सगळं तसंच होतं. म्हणालात, 'शनिवारी रिकामी असतेस? गणिताला माणूस हवाय. मानधन नाही.' कशी आहेस, कधी आलीस, काही नाही. पण ते विचारणारे पुष्कळ होते. काम देणारे तुम्ही एकटेच निघालात, हेही मी विसरलेले नाही.

मला शाळेत न्यायला तुम्ही पहिल्यांदा घरी आलात तेव्हा माझ्या सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. त्यांनी तुमच्यासाठी आलं घालून चहा टाकला. तुम्ही दारातच उभे. 'नको, निघायचंय.' पाणी तरी घ्या म्हणाल्या, तेही नको. तुम्ही गेल्यावर त्या बराच वेळ कप हातात धरून बसल्या होत्या. 'ह्यो कसला गं मास्तर तुजा? पानी बी घेत न्हाई कुनाच्या घरचं. आमी काय इख घालनार हुतो व्हय?' मी तुमची बाजू घेतली. जपानमध्ये राहिलेत ना, तिकडं तशीच पद्धत असते, असं काहीबाही सांगितलं. तुमची बाजू घ्यायची ती माझी शेवटची वेळ.

कारण पुढच्या एप्रिलमध्ये मला पहिलीचा वर्ग मिळाला. आपल्याकडचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, आयरिश लोकांचं सप्टेंबरमध्ये, पण आपल्या शाळेचं मात्र जपानसारखं एप्रिलमध्येच. शिक्षक कमी पडले होते. मुख्याध्यापकांनी मला बोलावून विचारलं, वर्गशिक्षिका व्हाल का? नुसतं गणित नव्हे. हजेरी माझी, मुलं माझी, वर्गाच्या दारावर नाव माझं. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तेव्हा मला रडू फुटलं. तो घाबरला, म्हणाला, 'अगं, झालं काय?' काय झालं ते त्याला कळणं शक्य नव्हतं. मी पुन्हा कुणीतरी झाले होते.

प्रवेशसमारंभ त्या आयरिश शाळेच्या हॉलमध्येच झाला. ईस्टरची सुट्टी होती म्हणून त्या शाळेची केअरटेकर मॉरीन खास कुलूप उघडायला आली होती. भिंतीवर क्रूस, कोपऱ्यात मेरीमाता, आणि समोर काळ्या सुटातले जपानी बाप ओळीनं बसलेले. मुलं घरून आणलेले, फक्त आत घालायचे बूट घालून हॉलमध्ये आली. मी एकेका मुलाकडे बघत होते, त्यानं वर बघितलं की नाव घेत होते, आणि ते खणखणीत 'हाय्', म्हणजे 'हजर', म्हणत होतं. मागच्या भिंतीला टेकून तुम्ही उभे होतात. समारंभ संपल्यावर मला म्हणालात, 'आवाज ठीक होता.' एवढंच. पण तुमच्या तोंडून एवढंही मी पूर्वी ऐकलं नव्हतं. मी दिवसभर तरंगत होते.

मग घरभेटी सुरू झाल्या. वर्ष सुरू झालं की वर्गशिक्षकानं प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन यायचं, तिकडची जुनी पद्धत. तुम्ही मला आधी बजावलं होतंत. दारातच बोलायचं, दहा मिनिटांत निघायचं, चहापाणी काही घ्यायचं नाही. मी हो म्हटलं. पहिलंच घर लेक्स्लिपला होतं. त्या बाईंनी दार उघडलं, आत टेबलावर किटली, कप, कापलेली फळं मांडून ठेवलेली. त्यांच्या अंगावर चांगला ड्रेस होता, घर लख्ख आवरलेलं होतं. आता मी दारातून परत फिरू? सर, मी तुमची विद्यार्थिनी असेन, पण मी माझ्या आईची मुलगी आहे. कुणी आपल्यासाठी इतकं मांडून ठेवल्यावर नको म्हणणं मला या जन्मात जमायचं नाही. मी आत गेले, बसले, चहा घेतला.

आणि दुसरा कप ओतताना त्या बाईंचे डोळे भरून आले. त्यांची मुलगी आयरिश शाळेत सहा महिने एक शब्द बोलली नव्हती. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणायचा, होईल सवय. हे त्या कुणाशीच बोलल्या नव्हत्या. मला ते कळलं, कारण मी बसले होते. दारात उभी राहिले असते तर त्यांनी हसून वाकून निरोप दिला असता आणि ती मुलगी वर्षभर माझ्या वर्गात मुकीच राहिली असती.

पुढचं मी काही लपवत नाही. नव्या बाई घरात येऊन चहा घेतात ही बातमी आयांमध्ये फोनवरून पसरली. दुसऱ्या घरी केक होता. तिसऱ्या घरी भात, मासे, लोणचं, सगळा बेत. चौथ्या घरच्या बाईंच्या कडेवर तान्हं बाळ होतं. त्यांनी आदल्या शनिवारी शाळेत मला गाठलं आणि गोड हसत विचारलं, 'मेधा-सेन्सेईंना खायला काय आवडतं?' मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. मी म्हटलं, काहीही चालेल, अगदी त्रास घेऊ नका, फक्त अंडं नको. झालं. मग म्हणे कुणाचा तरी नवरा बिनअंड्याचा केक शोधत डब्लिनभर गाडी फिरवत होता.

तो प्रश्न म्हणजे तक्रार होती, असं तुम्ही मला पुढच्या शनिवारी शाळेच्या पार्किंगमध्ये सांगितलंत. ती बाई विचारत नव्हती, ती गयावया करत होती की हे थांबवा. तुम्हाला म्हणे ऐकताक्षणी कळलं. मला कसं कळणार होतं? एखादी बाई हसून काय आवडतं विचारते, तेव्हा माझ्या जगात तिला माझं काय आवडतं ते जाणून घ्यायचं असतं. पाऊस भुरभुरत होता, तुम्ही छत्री उघडली नव्हतीत. म्हणालात, 'पुढच्या शनिवारपासून पहिली मी घेतोय. तू गणितावर परत जा.'

'सर, एका चहापायी?'

'आपण तिथं मास्तर म्हणून जातो. पाहुणे म्हणून नाही.'

'त्या बाई रडल्या माझ्यापाशी. उभ्या उभ्या कोण रडतं?'

'त्यांना रडवायला गेली नव्हतीस तू.' मग म्हणालात, 'मेधा, त्यांच्या मास्तराची एक चूक खपते. आपण परके. आपली खपत नाही.'

'मग परक्यासारखंच राहू की. चहा पिऊन!'

तुम्ही गाडीचं दार उघडलंत आणि म्हणालात, 'बस, भिजतेयस.' मला लुकनपर्यंत सोडलंत. पुढची चार वर्षं दर शनिवारी तुमच्याच गाडीतून गेले-आले, कारण त्या वेळेला बस नव्हती, आणि दर वर्षी एप्रिल आला की आपण हेच भांडण नव्यानं भांडलो. तुम्ही म्हणायचात मर्यादा, मी म्हणायची माणुसकी. एकदा तर मी रागानं म्हटलं होतं की तुम्हाला तो वर्ग स्वतःलाच हवा होता. तुम्ही गिअर बदललात आणि म्हणालात, 'असेल.' असं उत्तर देतात का कुणी? यावर पुढं काय भांडायचं असतं?

दर एप्रिलला मी हॉलच्या कडेला गणिताच्या बाई म्हणून बसायची आणि तुम्ही समोर उभे राहून माझ्या मुलांची नावं घ्यायचात. हो, माझीच म्हणते. लेक्स्लिपची ती मुलगी पाढे म्हणायला लागली, तीही माझ्याच तासाला. तुम्ही दारात उभे राहून घरभेटी उरकत राहिलात. आया तुमच्यावर खूश होत्या. मॉरीन एकदा मला म्हणाली होती, 'युअर मॅन इज अ हार्ड मॅन, बट द किड्स आर ग्रँड विथ हिम.' म्हणजे, हा गृहस्थ कडक आहे, पण मुलं त्याच्याकडे मजेत असतात. तेही खरं होतं, म्हणून आणखी राग.

जानेवारीत तुम्ही हॉस्पिटलात गेलात. मी दोनदा भेटायला आले. दुसऱ्या वेळी ठरवून आले होते की आता विचारायचंच. चार वर्षं झाली, माणूस खाटेवर आहे, आता तरी नीट सांगा, का काढून घेतलात? तुम्ही उशीवर वर सरकलात आणि एप्रिलबद्दल बोलायला लागलात. पहिलीत यंदा मुलं बरी आहेत, दोन भावंडं ॲडम्सटाउनला नव्या घरात राहायला आलीत, तिथं आता स्टेशन होतंय म्हणे, त्यांची ये-जा सोपी होईल. तुमचा आवाज इतका बारीक झाला होता की मला पुढं वाकून ऐकावं लागत होतं. त्या आवाजाशी भांडता येईना. मी म्हटलं, हो सर, सोपी होईल. आणि निघाले. आता वाटतं, विचारायला हवं होतं. तुम्ही उत्तर दिलं नसतंत, पण विचारायला हवं होतं.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी सुमनकाकूंना भेटायला गेले. शेजारच्या आयरिश बायकांनी सँडविचचे ढीग आणून ठेवले होते आणि सुतकाच्या घरात ते कुणी खावेत हे कुणालाच कळत नव्हतं. काकूंनी माझा हात धरून मला शेजारी बसवलं. 'तुझं फार कौतुक होतं गं यांना,' म्हणाल्या. मी म्हटलं, काकू, असं काही नाही. त्या म्हणाल्या, 'तुला सांगितलं नसेल त्यांनी, पण मला सांगितलंय ना. ते चहाचं प्रकरण झालं तेव्हा मुख्याध्यापक यांना म्हणाले होते, मेधा-सेन्सेईंनी आयांपुढे एकदा वाकून चुकलं म्हटलं, तर वर्ग त्यांच्याकडेच राहू द्या. तर हे म्हणाले, ती वाकायची नाही. माझी विद्यार्थिनी आहे ती, मी ओळखतो तिला. घरी येऊन मला इतक्या अभिमानानं सांगत होते! म्हणाले, ताठ कण्याची पोर आहे.'

काकू ओल्या डोळ्यांनी हसत होत्या. त्यांना वाटलं, त्यांनी मला तुमची शेवटची भेट दिली. सुतकाच्या घरात भांडत नाहीत, म्हणून मी उठून काकूंना पाणी आणून दिलं.

काल मुख्याध्यापकांचा फोन आला. हे नवे आहेत, जुने केव्हाच जपानला परत गेले. यांना जुनं काही माहीत नाही. म्हणाले, निमकर-सेन्सेईंचा वर्ग तुम्ही घ्याल का? मी म्हटलं, घेईन, पण घरभेटीला मी आत जाऊन बसणार. ते बराच वेळ श्वास ओढत राहिले आणि म्हणाले, विचार करून बघू. याचा अर्थ नाही असा होतो, हे तुम्हीच शिकवलंय मला. तरी मी हो म्हटलं. या शनिवारी समारंभ आहे. शाळेत जायला गाडी कुणाची, हे अजून ठरायचंय.

सगळे म्हणतायत, सरांची जागा योग्य माणसाला मिळाली. तुमची जागा नाही ती, सर. माझी होती, आणि चार वर्षं उशिरा मिळतेय. या चार वर्षांत चार पहिल्या आल्या आणि गेल्या. त्यांतली कितीतरी मुलं जपानला परत गेली, मोठीही झाली असतील, आणि त्यांच्या आठवणीत वर्गशिक्षक म्हणून तुम्ही आहात. त्यांचं मला आता काय मिळणार?

माझा ताठ कणा बघून तुम्हाला अभिमान वाटला. छान. पण तो माझा कणा होता आणि वर्गही माझाच होता. दोन्हींपैकी काय सोडायचं ते मी ठरवणार होते. ज्या बाईला या देशात स्वतःचं म्हणून काही उरलं नव्हतं, तिच्या वतीनं तुम्ही परस्पर ताठ राहिलात.

चहा पिण्यात माझी चूक नव्हती. आजही हेच म्हणेन. पण त्या मुलांसाठी मी वाकले असते, सर. एकेका घरी जाऊन, दारात उभी राहून, कमरेत वाकून चुकलं म्हटलं असतं. तुम्ही मला एकदा विचारायचं होतं.